बसंतीचं अडलेलं रडनं

बसंती फुलसावंगीच्या बाजारात माह्या गळ्यात पडून पयल्यांदा रडली, तवा मले वाटलं हिच्या घरचं कोनीतरी मेलं. हातातली थैली पडली, वांगे लोकाइच्या पायाखाली गेले, अन् ही बाई माही मान घट्ट धरून मोठ्या आवाजात, गानं म्हनावं तशी रडून राह्यली. सारा बाजार जमा झाला. माहं लग्न होऊन तवा दोन सालबी नोते झाले, आजूबाजूले सासरचे ओळखीचे. मी घाबरून इचारलं, "कोन गेलं व माय?" तं ती डोळे पुसत म्हनते, "कोनीच नाई. ऊस तोडून काल वापस आलो न आम्ही. बकरीले दोन पिल्लं झाले. तू कशी हाय, मैना?"

आता ऐकनाऱ्याले हासू येईन. मी तं लय चिडलती. वांगे काय तिचा बाप भरून देनार होता?

मंग तिनंच समजावून सांगतलं. बसंती बंजाऱ्याची, आमच्या गावाले लागून असलेल्या तांड्यातली. मी गावातली, कुनब्याची. आदल्या साली दोघी एकाच वावरात निंदाले होतो, तितकीच ओळख. तिच्या तांड्यात बाया लय दिवसानं भेटल्या का अशाच भेटतात. गळ्यात पडाचं, अन् मागच्या भेटीपासून जे जे झालं ते सारं सुरात रडून सांगाचं. सुख असो का दुख, दोन्ही रडूनच. तिच्या बोलीत ढावलो म्हनतात त्याले. अन् ते पयल्यापासून सांगाचं, जसं घडलं तसं, मधलं काई सोडाचं नाई.

"अन् सोडलं तं?"

"तं पुढचं येतच नाई, भेन. इथी अडते," असं म्हनून तिनं नरड्यावर बोट ठेवलं.

आमच्या घरात रडनं म्हंजे चोरीचं काम. चुलीजवळ बसाचं, पदर तोंडात कोंबाचा, अन् कोनी इचारलं तं म्हनाचं, धूर गेला डोळ्यात. माही माय गेली तवा मी माहेरी जाऊन आली, सारे विधी केले, पाहुन्याइले जेवू घातलं, अन् डोळ्यात एक टिपूस नाई. सासू म्हने, कशी दगडाची पोरगी हाय! परत आली तवा बसंती वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी होती. हातातलं इळा-फिळा फेकून गळ्यात पडली अन् माह्या मायच्या नावानं तिनंच सुरू केलं. तिनं माही माय पाह्यलीबी नोती. तिच्या गळ्यात मले असं रडू फुटलं, असं फुटलं, का पोटातले आतडे दुखून आले. तवापासून माह्या डोळ्यातलं पानी तिच्याच हातात. ती गळ्यात पडन तं येईन, नाईतं नाई.

पुढं बसंतीच्या मालकानं, पूनमसिंगनं, ऊसतोडीले जानं सोडलं अन् नाल्यापल्याडचं वावर वाहाले घेतलं. त्याच्या वावराचा अन् आमच्या वावराचा धुरा एकच. पूनमसिंग खाली मान घालून चालनारा मानूस. मले "भेन" म्हने, अन् त्याच्यापुढं दुसरा शब्द नाई. सारं बोलनं त्यानं बायकोले देऊन टाकलं होतं. अन् बसंतीनं ते वाजवून घेतलं. उंच बाई, आवाज नाल्याच्या या काठावरून त्या काठावर. भांडाले उभी राह्यली का मानसं रस्ता बदलत. माहा पोरगा नयन लहानपनी तिच्याच वावरात पडून असे. तिच्या हातची ज्वारीची भाकर, तिच्या भाषेत बाटी, खाऊन तो मोठा झाला. आमच्या भाकरीले नाक मुरडे मेला, अन् तिच्या घरची तीच ज्वारी त्याले गोड लागे.

माह्या मालकाले, पुंडलिकरावले, ती भिया म्हने, भाऊ. ते तिले पाहून म्हनत, "आली तुही आकाशवानी. आता साऱ्या बातम्या झाल्याबिगर चहा भेटत नाई आपल्याले." म्हनत, पन उठून स्वतःच चहा मांडत. रडून झालं का दोघीइले आयता कप. असा आमचा कारभार. लोकाइच्या मैत्रिनी हासतात-खिदळतात, आम्ही रडत होतो. मजेत होतो.

अन् मंग तो कोरोना आला.

पयल्या साली आमच्या गावानं तांड्याच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या आनून टाकल्या, आडवी बैलबंडी लावली. तांड्यातले पोट्टे पुन्या-मुंबईहून पायी वापस येऊन राह्यलेत, म्हने. अन् गावातले जे पुन्याहून आले ते काय इमानात बसून आले होते काय? पन कोन ऐकते! अन् त्या बंडीपाशी शिट्टी घेऊन उभा कोन, तं माहा नयन. गावच्या कोरोना समितीत होता न तो. अंगात चमकनारं जाकीट, हातात काठी. मी म्हनलं, "अरे, तिच्या घरच्या बाट्या खाल्ल्या तू, अन् आता तिलेच आडवतं?" तं म्हनते, "आई, बाबाचा दमा पाह्य. बाबाले झालं तं बाबा वाचनार नाई."

हे खोटं नोतं, तेच तं दुखनं होतं. पुंडलिकराव रोज दम्याचा पंप ओढत. थंडीत तं असे धापत का मी उठून त्याइची पाठ चोळत बसे. कोनाले झालं का पयला नंबर त्याइचाच लागन, हे साऱ्या गावाले माहीत होतं. मी तांड्यात जानं सोडलं. फोनवर बोलत होतो आम्ही, पन बसंतीले फोन म्हंजे भांडनाची वस्तू. दोन शब्द बोलली का म्हने, "याच्यात गळा कुठी हाय, मैना? कायच्यावर डोकं ठेवू?"

अन् ऐन उन्हात पूनमसिंग गेला. कोरोना-बिरोना नाई. वावरातून दुपारी आला, छातीत कळ आली म्हने, पानी मांगतलं, अन् पानी येईपर्यंत खलास. बसंतीच्या सुनेचा, ममताचा फोन आला. मी तशीच निंघाली, पायात चप्पल नाई. नयननं दारात आडवलं.

"आई, तिथी आज सारा तांडा जमा झाला अशीन."

"म्हनूनच जातो न रे मी!"

"अन् वापस आल्यावर बाबाजवळच झोपशीन न?"

पुंडलिकराव खाटेवरून म्हनले, "जाऊ दे तिले. मी असा मरत नाई." अन् इतकं बोलताना त्याइले ढास लागली. अशी ढास, का थांबता थांबेना. मी दारात उभी. एक पाय आत, एक पाय बाहेर. इतकी लाचार मी कधीच झाली नोती. देवाले शिव्या देल्या, सरकारले देल्या, पोराले देल्या. अन् पाठ चोळाले आत गेली.

पूनमसिंगले मोजक्या लोकाइनं नेलं. तांड्यात असं कोनी गेलं का येनारी येनारी बाई घरधनिनीच्या गळ्यात पडते अन् तिच्यासंगं रडते. ज्याइच्या त्याइच्या गळ्यात थोडं थोडं दुख वाटून जाते. त्या दिवशी पोलिसाची गाडी बाहेर उभी. बाया दूरदूर बसल्या, तोंडाले फडके. कोनीच उठलं नाई. बसंती मधात एकटी.

दोन-चार दिवसानं ममताचा परत फोन. रडत होती पोरगी. "मावशी, याडी रडूनच नाई राह्यली. जेवत नाई, बोलत नाई. नुसती नरड्यावर हात ठेवून बसते." याडी म्हंजे माय. ममता सासूले याडीच म्हनते. तिनं फोनवर बसंतीचा चेहरा दाखवला. माही बसंती! ओठ फाटलेले, डोळे कोरडे ठनठनीत. माह्याकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं.

मंग मी काई इचारलं नाई कोनाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जातो म्हनून निंघाली अन् धुऱ्या-धुऱ्यानं नाल्यातून त्या काट्याच्या कुंपनापाशी गेली. नाल्यातबी काट्या टाकून ठेवल्या होत्या भाड्याइनं! ममताले सांगून ठेवलं होतं. ती बसंतीले धरून घेऊन आली. मधात काट्या, इकडं मी, तिकडं ती. मनात म्हनलं, गळा नाई तं नाई, हात तं पोचन. बाह्या वर केल्या अन् काट्यातून दोन्ही हात तिकडं टाकले. कातडं सोललं, रगत निंघालं, मले तवा कळलंबी नाई. बसंतीनं माही बोटं धरली. बोटंच. अन् तिच्या नरड्यातून आवाज निंघाला.

केवढा आवाज! इतक्या दिवसाचा कोंडलेला. "ओ पूनमसिंगऽऽ" असा पयलाच सूर लावला तिनं अन् नाल्यातले बगळे उडाले. म्हनलं, सुटली. सुटली व माही बाई.

पन बंडीपाशी उभे असलेल्या लोकाइले तो आवाज ऐकू गेला. त्याइले काय माहीत ढावलो! तांड्यातून रडन्याचा आवाज आला म्हंजे आनखी एक मेलं, कोरोनानं मेलं, असं त्याइनं धरून घेतलं. शिट्ट्या वाजल्या. नयन पुढं अन् पाच-सहा पोट्टे मांगून पळत आले. नयननं मले तिथी पाह्यलं. माहे हात काट्यात, तिच्या हातात. अन् माह्या पोटचा पोट्टा तिच्या अंगावर ओरडला, "मावशी, मांगं सरा! अंतर ठेवा! माह्या बापाले माराचं हाय काय तुमाले?"

बसंतीचं तोंड उघडंच होतं. सूर अर्ध्यात होता. तिनं तोंड मिटलं. माही बोटं एकेक करून सोडली. मांगं सरत सरत गेली, तोंड माह्याकडंच, अन् पदर नाकावर घेतला.

मी नयनच्या थोबाडीत मारली. साऱ्याइच्या समोर. पन उपेग काय? "तांड्यात दुसरा गेला" ही बातमी दुपारपर्यंत तालुक्याले पोचली. संध्याकाळच्या आत पांढरे कपडेवाले आले, बसंतीच्या घरच्याइले गाडीत बसवून तालुक्याच्या होस्टेलात नेऊन कोंडलं. नाकात काड्या घातल्या. कोनालेच काई निंघालं नाई. काई नोतंच तं काय निंघन! बाई मालकाचं दुख घेऊन बसलती, अन् आमच्या भेटीपाई तिले दुख कराले स्वतःचं घरबी नाई राह्यलं.

पान्यापावसाच्या दिवसात काट्या निंघाल्या. बसंती कवाचीच वापस आलती. काट्या निंघाल्या त्याच दिवशी मी गेली. मले वाटलं, अंगनात पाय ठेवतो न ठेवतो तं ती पळत येईन. ती आतून खुर्ची घेऊन आली. प्लास्टिकची लाल खुर्ची. अंगनाच्या एका टोकाले मांडली, अन् स्वतः दुसऱ्या टोकाले ओट्यावर बसली. "या, बसा," म्हनली. इतक्या वर्साची ओळख, अन् मले 'बसा'!

मी उठली, तिच्याकडं जाऊ लागली. तं हात पुढं करून म्हनते, "नको, मैना. तुह्या घरी दम्याचा मानूस हाय."

"अवं, काट्या निंघाल्या न आता!"

"काट्या निंघाल्या. दमा हायच न?"

मी चहा घेतला अन् घरी आली. रस्त्यानं येता येता स्वतःच्याच डोक्यात मारून घेतलं.

नंतर नयन तिच्या पाया पडाले गेलता. "मावशी, चुकलो मी." तं तिनं त्याच्या डोक्यावरून हातबी फिरवला नाई, दुरूनच म्हनली, "तू बराबर बोलला, बापा. आपला बाप आपनच जपावा." शिव्या देल्या असत्या तं पोट्टा मोकळा झाला असता. तो घरी येऊन बाट्या-बाट्या करत लहान पोरासारखा बसून राह्यला.

अन् दुसऱ्या साली तो रोग खराच आला गावात. घरामांगं घर. आमच्या गल्लीतले धडधाकट मानसं गेले. पुंडलिकराव वाचले, ते नयननं डांबून ठेवले म्हनूनच वाचले, हे मले कबूल करावं लागलं. मंग मी राग तरी कोनावर काढू? पोरावर काढता येत नाई, बसंतीवर काढता येत नाई, रोगाले तं कान नाई. रात-दिवस नुसता जीव जळत होता.

बसंतीचं मात्र वाळून चिपाड झालं. वावरात येई, निंदे, वेचे. धुऱ्याच्या त्या टोकाले बसून आपली शिदोरी खाई, मी या टोकाले. तिचा तो नाल्यापल्याड जानारा आवाज गेला. बोलली तं घोगरी, कुजबुजल्यासारखी. ममता म्हने, तांड्यातल्या बायाइशीबी ती आता गळ्यात गळा घालून भेटत नाई. मी एकदा तिच्या हातापाया पडली. म्हनलं, "बसंते, एकदाच रड व. तू मरशीन अशानं." तं नरड्यावर बोट ठेवून म्हनते, "पूनमसिंगपाशी अडलं. पुढचं येत नाई." अन् परत पदर नाकावर.

त्याच्या पुढच्या थंडीत पुंडलिकराव गेले. कोरोना नाई. दमाच. पहाटे उठून बसले, पंप ओढला, परत ओढला, माह्याकडं पाह्यलं, अन् संपले. ज्याच्यासाठी इतकं जपलं, सारं जग दूर लोटलं, तो मानूस एका थंडीनं नेला.

तवा परत तिसरी लाट हाय म्हनत होते. मयतीले मोजके लोक, दूर दूर बसा, लवकर आटपा. मी पुंडलिकरावापाशी बसून होती. डोळ्यात टिपूस नाई. बाया एकमेकीकडं पाहून राह्यल्या. मले त्याची लाज नोती वाटत. मले नुसता दम कोंडून येत होता, कोनी छातीवर पाटा ठेवल्यासारखा. म्हनलं, आता मीबी त्याइच्यासारखीच जातो.

तिरडी बांधत होते तवा बसंती आली. एकटी. फाटकापाशी थांबली, नाकावर पदर. नयननं तिले पाह्यलं. "मावशी, या न आत," म्हनला. ती हाललीच नाई. "इथूनच बरं हाय, बापा," म्हनली. "घरात..." अन् तिथीच थांबली. रोज म्हनाचं वाक्य तिच्या तोंडात आलं होतं. घरात दम्याचा मानूस हाय.

मी उठली. कशी उठली ते मले माहीत नाई. चालत गेली अन् साऱ्या लोकाइच्या समोर तिच्यावर ओरडली, "आता कोनाले जपतं व! ज्याच्यासाठी अंतर ठेवलं तो मानूस तं गेला माहा! आता कोनाचा दमा हाय? सांग न, कोनाचा?" अन् तिच्या नाकावरचा पदर मी हातानं ओढून काढला, अन् तिच्या गळ्यात पडली.

तिचे हात खालीच होते. लय येळ खालीच होते. मंग ते वर आले. माही मान तिनं दाबली, त्या बाजारातल्यासारखी, अन् नरड्यातून घरघर आली, मंग आवाज आला, अन् मंग तो मोठा झाला.

"ओ पूनमसिंगऽऽ."

आजूबाजूच्या बाया म्हनाले लागल्या, पाहा व, सख्खी बहीनबी रडत नाई अशी, पुंडलिकरावासाठी कशी रडून राह्यली. त्याइले तिची बोली कळत नोती. मले कळत होती. ती माह्या मानसाले रडतच नोती. ती तिथून सुरू झालती जिथी तिले थांबवलं होतं. भर उन्हात पूनमसिंग वावरातून आला, त्यानं पानी मांगतलं, मी गिलास भरून आनला तं पेनारा नोता. मैना आली, मैनाचे हात काट्यात. मले गाडीत बसवलं, नाकात काड्या घातल्या, होस्टेलच्या खिडकीतून मी तांड्याकडं पाह्यत होती. मैना आली, मी तिले खुर्ची देली. खुर्ची देली व, भेन, मी तुले खुर्ची देली.

सारं क्रमानं. मधलं काई सोडाचं नाई.

मांगून कोनीतरी म्हनलं, उचला आता, उशीर होऊन राह्यला. नयन हातात मडकं घेऊन माह्यापाशी आला. "आई, चेहरा पाहून घे बाबाचा." मी मान वळवली तितकी वळवली. बसंतीच्या हाताची पकड सुटत नोती, अन् मी ती सोडवलीबी नाई. कशी सोडवू? मधात तोडलं तं ती पुन्हा अडली असती. नयन तिथीच उभा राह्यला, आयकत. लहानपनापासून आयकत आलता, त्यालेबी ती बोली कळते. मंग त्याचा हात उठला, बसंतीच्या पाठीवर ठेवला, अन् तो निंघाला. अंतर ठेवा, असं त्या दिवशी तो कोनालेच म्हनला नाई.

माहा मालक फाटकातून गेला तवा बसंती पराटीच्या, कापसाच्या, दुसऱ्या वेचनीपर्यंत आलती. गल्लीच्या कोपऱ्यावरून गेला तवा गावातल्या मरनाइवर आलती, एकेकाचं नाव घेत. अंगन रिकामं झालं. बाया आंघोळीले गेल्या. आम्ही दोघी फाटकापाशी तशाच, मी तिच्या गळ्यात, ती माह्या गळ्यात.

मंग तिनं दम घेतला. आवाज फाटला होता, तरी सूर लावला. "अन् आज सकाळी," ती तिच्या बोलीत म्हनली, "आज सकाळी, ओ पुंडलिक भियाऽऽ, आता आम्हाले चहा कोन मांडन?"

तवा कुठी माहं पानी आलं.